दीडपट श्वास

भोपाळ, रविवार, १४ सप्टेंबर १९५८

नीळकंठ,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच परत पाठवशील, असं कांचन म्हणते. मी तिला म्हटलं, तो तारमास्तर आहे, आलेला मजकूर वाचल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. कोणाचं खरं ते तूच ठरव.

विजय गेल्याला तीन वर्षं आणि पंचवीस दिवस झाले. त्यानंतर आपण दोघे भाऊ एकदाच समोरासमोर आलो, नागपूर स्टेशनवर, मी सामान घेऊन इकडे निघालो तेव्हा. तू कोणाला तरी सोडायला आला होतास. मला पाहिलंस आणि वेळापत्रकाच्या फळ्यासमोर जाऊन उभा राहिलास, ते माझी गाडी सुटेपर्यंत. त्या लायनीवरच्या सगळ्या गाड्यांच्या वेळा तुला पाठ आहेत, हे मला माहीत नाही का?

मी तोंड लपवायला भोपाळला पळालो, असं तू म्हणतोस, हे माझ्या कानावर आलंय. ते बरोबर नाही. निदान पूर्ण बरोबर नाही. छप्पनच्या नोव्हेंबरात राज्य तुटलं तेव्हा सगळ्याची वाटणी झाली. खुर्च्या, टंकयंत्रं, फायली, माणसं, सगळ्याच्या याद्या. दवाखान्याच्या यादीत ते श्वासाचं मशीन अनुक्रमांक एकशे बारावर होतं आणि ते भोपाळच्या वाट्याला आलं. हो, तेच मशीन. मला ऑप्शनचा कागद भरायचा होता, मुंबई की मध्य प्रदेश. मशीन जिकडे तिकडे मी, एवढंच मी ठरवलं. दुसऱ्या कोणाच्या हाती ते द्यावं असं मला वाटलं नाही. यातला किती भाग कर्तव्याचा आणि किती दुसऱ्या कशाचा, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

इथे आल्यावर ते सहा महिने खोक्यात पडून होतं. भात्याचं चामडं तडकलं होतं. कंपनीला पत्र गेलं, उत्तर आलं की नवा भाता विलायतेहून येईल, आठ महिने लागतील. मी जहांगीराबादेत घोड्याची खोगिरं शिवणारा एक म्हातारा शोधला आणि त्याच्यासमोर बसून भाता शिवून घेतला. एका इंचात नऊ टाके. अजून एक टाका सुटलेला नाही.

सध्या त्यात एक मुलगी आहे, सिंधू नावाची. वय चोवीस, टी. टी. नगरच्या कन्याशाळेत भूगोल शिकवते. वडील सचिवालयात होते, माझ्यासारखेच नागपूरकडून ऑप्शन भरून आलेले. गेल्या वर्षी वारले. घरात आई आहे, रत्नप्रभाबाई. जुलैच्या सहा तारखेला मुलीला ताप आला, नऊला पाय गेले, अकराला श्वास. पोलिओच. लोक समजतात तो फक्त पोरांना होतो. अकरा तारखेपासून ती डब्यात आहे. इथे मशीनला डब्बा म्हणतात, डोकं तेवढं बाहेर. आज पासष्ट दिवस झाले.

आमचे डॉक्टर माथुर तिला येत्या शुक्रवारच्या पुढच्या शुक्रवारी, सव्वीस तारखेला, बाहेर काढणार आहेत. रत्नप्रभाबाईंनीच त्यांना गळ घातली की पितृपक्ष लागायच्या आत मुलगी मोकळी होऊ द्या. माझ्या हिशेबाने ती अजून तयार नाही. पण माझ्या हिशेबाला इथे कोणी विचारत नाही, आणि ते बरंच आहे, असं मी स्वतःशीच म्हणतो. का, ते तुला सांगायला नको.

तुला एक विचारायचं होतं. ते पुढच्या पत्रात विचारतो. आज हात थकला.

वसुधाला आशीर्वाद सांग. सांगायचा नसेल तर राहू दे.

गोपीनाथ


भोपाळ, गुरुवार, १८ सप्टेंबर १९५८

नीळकंठ,

पाकीट परत आलेलं नाही. म्हणजे ते तुझ्याकडे आहे.

डॉक्टर माथुरांबद्दल माझी तक्रार आहे असं समजू नकोस. माणूस चांगला आहे, वॉर्डात वेळेवर येतो, हात धुतो. त्यांचं म्हणणं असं की मशीनची सवय लागते. "मिस्त्रीजी, जितना रखोगे उतनी कमज़ोर होगी." हे खोटं नाही. पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, आणि माणूस स्वतः श्वास घ्यायचा आळस करायला लागतो. लवकर काढलं तर एक धोका, उशिरा काढलं तर दुसरा. मधला दिवस कोणता, हे कोणी पुस्तकात लिहिलेलं नाही. मशीनबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक मी शब्दकोश मांडीवर घेऊन तीनदा वाचलंय. मोटरला तेल कधी घालायचं यावर त्यात दोन पानं आहेत. माणूस कधी बाहेर काढायचा यावर चार ओळी आहेत, आणि त्यांतली शेवटची म्हणजे, डॉक्टरांच्या निर्णयाने.

म्हणून मी माझ्यापुरती एक पद्धत बसवली आहे. रोज सकाळी अकराला मोटर दोन मिनिटं थांबवायची, डब्याची खिडकी उघडायची, आणि सिंधूला स्वतःच्या बळावर श्वास घेऊ द्यायचा. छाती किती फुगते ते सिस्टर आतून टेपने पाहते. मी पडद्याबाहेर उभा राहतो, ती आकडा सांगते, मी लिहितो. मिनिटाला किती श्वास ते मात्र मी स्वतः घड्याळ लावून मोजतो, चादरीकडे पाहून. पहिल्या दिवशी सिंधूने विचारलं, "काका, टेप शिंप्याची दिसते. ब्लाउज कधी मिळणार?" मी म्हटलं दिवाळीपर्यंत. ती म्हणाली, बाह्या लांब ठेवा, हात बारीक झालेत.

अशी आहे मुलगी. डोक्यावरच्या आरशातून वॉर्डाचा दरवाजा पाहते आणि कोण कुठल्या दिशेने आलं ते ईशान्य, नैऋत्य करून सांगते. आईला रडू देत नाही. आणि बाहेर येण्याची तिला एवढी घाई आहे की मला तिची भीती वाटते. काल म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी मी निघणार, मग तुम्ही या डब्यात ज्वारी भरा."

छाती तिची दीड इंच फुगते. दीड महिन्यापूर्वी अर्धा इंच फुगत होती. डॉक्टर या दीड इंचावर खूष आहेत. मी नाही. एक मोठा श्वास घेता येणं ही एक गोष्ट आणि तासभर श्वास घेत राहणं ही दुसरी. पोतं एकदा उचलता येतं म्हणून माणूस दिवसभर हमाली करू शकतो असं नाही. पण टिकणार की नाही, हे आधी ओळखायचं कशावरून? माझ्याकडे बाहेर काढलेल्या सहा माणसांचे कागद आहेत. पाच वाचली. पाचांच्या कागदांवर छाती आणि नाडी आहे, मिनिटाचे श्वास कोणीच लिहिलेले नाहीत, मीही नाही. तेव्हा मला त्याचं महत्त्व कळलं नव्हतं.

सहाव्याचे श्वास मोजले गेले होते.

मी पाहिलं होतं, नीळकंठ. त्या दुपारी तू स्टुलावर बसला होतास, मनगटावरचं घड्याळ उलटं करून आतल्या बाजूला घेतलं होतंस, तार घेताना घेतोस तसं. आणि तारेच्या कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर दर थोड्या वेळाने काहीतरी लिहीत होतास. तुला रिकामं बसता येत नाही, तुझा हात आपोआप मोजतो. मला तेव्हा त्याचा रागही आला होता. वाटलं, माझ्यावर पहारा ठेवतोय.

ते आकडे मला हवेत.

मी हे वाक्य चार वेळा खोडलं आणि पाचव्यांदा तसंच लिहिलं. दुसऱ्या कुठल्या शब्दांत मागायचं ते मला येत नाही. पत्र नागपूरला पोचायला दोन दिवस, उत्तराला दोन दिवस. शुक्रवार सव्वीस.

गोपीनाथ


भोपाळ, सोमवार, २२ सप्टेंबर १९५८

नीळकंठ,

उत्तर नाही. कांचन म्हणाली, "अहो, तुम्ही त्यांच्याकडे त्यांच्या पोराचा शेवटचा तास मागताय, आणि स्वतःचं काय देताय?" मी जेवण तसंच ठेवून उठलो. पण तिचं बरोबर आहे. मागणाऱ्याने आधी स्वतःकडचं सांगावं. सांगतो.

विजयच्या वेळी माझी पद्धत दुसरी होती. मोटर थांबवायची आणि एका श्वासात त्याला पाढे म्हणायला लावायचे. बे एके बे, बे दुणे चार. एका दमात किती ओळी होतात ते मी वहीत मांडायचो. ही युक्ती मला कोणी शिकवली नव्हती, मी स्वतः काढली होती, आणि तिचा मला फार अभिमान होता. पहिल्या दिवशी चार ओळी. मग सहा. मग नऊ. नऊ वर्षांचं पोर, डब्यात पडल्या पडल्या दुसरं करणार काय. मी त्याला म्हटलं होतं, पंधरा ओळी झाल्या की काका तुला बाहेर काढणार.

इथेच मी चुकलो. मुलासमोर आकडा ठेवला की मूल आकड्यामागे लागतं. त्याला श्वास वाढवता येत नव्हता, म्हणून त्याने पाढा वेगाने म्हणायला सुरुवात केली. आधी एकेक शब्द सुटा असायचा. नंतर नंतर सगळं एकमेकांत चिकटलं, बेकेबे, बेदुणेचार, मधली अक्षरं गिळून. बारा झाल्या. पंधरा झाल्या. वीस ऑगस्टच्या सकाळी सतरा झाल्या आणि तो माझ्याकडे असा बघत होता की मी त्याच्या गालाला हात लावला.

एवढं तुला ठाऊक असेल, किंवा तू ताडलं असशील. आता जे तुला ठाऊक नाही ते लिहितो.

एकोणीस तारखेच्या संध्याकाळी मला शंका आली होती. मी ओळी मोजायच्या सोडून घड्याळ पाहिलं. साडेसहा सेकंद. मग वही चाळली, कारण सोळा तारखेलाही मी एकदा सहज घड्याळ लावून पाहिलं होतं. साडेसहा सेकंद. ओळी दहावरून सोळावर गेल्या होत्या आणि श्वास होता तेवढाच होता. म्हणजे मला कळलं होतं, नीळकंठ. न कळून झालेली चूक नव्हती ती.

वीस तारखेला सकाळी मोठे डॉक्टर फेरीला आले. मागे सहा विद्यार्थी. त्यांनी विजयचा कागद पाहिला, मग मागे वळून सगळ्यांसमोर मला विचारलं, "गोपीनाथ, तुमची वही काय म्हणते?" बावीस वर्षं मी त्या दवाखान्यात होतो. वाफेच्या पेटीपासून क्ष-किरणाच्या मशीनपर्यंत सगळं माझ्या हाताखालून गेलं, आणि मॅट्रिक नापास माणसाला कोणी कधी काही विचारलं नव्हतं, फ्यूज गेला का याखेरीज. मी वही उघडली आणि म्हटलं, सतरा ओळी, साहेब. तयार आहे.

साडेसहा सेकंद मी बोललो नाही. ते बोललो असतो तर माझी पद्धतच खोटी पडली असती, त्या सहा विद्यार्थ्यांसमोर.

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी त्याला बाहेर घेतलं. पुढचं तुझ्या कागदावर आहे.

हे मी तीन वर्षं कोणालाही सांगितलं नव्हतं. कांचनलाही कालच सांगितलं. तिने फक्त उठून माझं ताट झाकून ठेवलं.

आता आकडे द्यायचे की नाही ते तू ठरव. देऊ नयेत असं वाटलं तर नको देऊस. पण ती मुलगी आरशातून दरवाजाकडे पाहते आहे, आणि परवाच्या परवा नंतरचा दिवस शुक्रवार नाही का? मी दिवस मोजताना हल्ली चुकतो. चार दिवस राहिले.

गोपीनाथ


भोपाळ, शुक्रवार, २६ सप्टेंबर १९५८, संध्याकाळ

नीळकंठ,

तुझी तार काल दुपारी पावणेदोनला मिळाली. तारवाला इथल्या इतवाऱ्यातला जुना माणूस आहे. फॉर्म माझ्या हातात देताना त्याने एक डोळा मिटला. "क्यों मियाँ, सट्टे का नंबर मँगवाया है? हमें भी बता देते." मी सही केली. नुसते आठ आकडे, एक शब्द नाही, खाली तुझं नाव. त्याची काय चूक.

२४, २८, ३६, ४१, ४६, ४०, २८, १६. दर पाच मिनिटांनी.

मी पायरीवर बसून ते वाचले. मला वाटलं होतं आकडे वाढत गेले असतील. पण ते वाढून मग उतरले आहेत. आणि तेव्हा मला आठवलं. अर्धा तास झाला तेव्हा मी तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो होतो, "बघ, आता श्वास बसला त्याचा." शेहेचाळीसचे चाळीस झाले होते. तू घड्याळाकडे पाहून मान हलवलीस. पुढच्या पाच मिनिटांत अठ्ठावीस झाले तेव्हा वसुधा, आईच ती, देवाचं नाव घेऊन हसलीसुद्धा. आपल्याला वाटलं तो शांत होतोय. तो दमला होता. घोडा टांग्याला जुंपलेला असताना आधी धापा टाकतो आणि मग धापा थांबतात, तेव्हा तो बरा झालेला नसतो.

तू आकडे बरोबर मोजलेस. तू पाहिलंस आणि तुला कळलं नाही, असं जर तू तीन वर्षं स्वतःला म्हणत असशील, तर ते काढून टाक. त्यांचा अर्थ लावायचं काम माझं होतं, आणि मी मोठ्या भावाच्या आवाजात चुकीचा अर्थ सांगितला. तू माझ्यावर विश्वास ठेवलास.

मी तार घेऊन थेट डॉक्टर माथुरांच्या खोलीत गेलो. त्यांनी आकडे वाचले.

"किसके नंबर हैं?"

"मेरे भतीजे के."

"बच गया?"

"नहीं, साहब."

"बाहर निकालने को किसने कहा था?"

"मैंने."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग समोरच्या खुर्चीकडे हात केला. त्या खुर्चीला मी पूर्वी फक्त तिचा पाय दुरुस्त करायला हात लावला होता. मी बसलो आणि त्यांना समजावून सांगितलं. चोवीसची दीडपट छत्तीस. पंधराव्या मिनिटाला तो छत्तीसवर होता, तोवर त्याला परत आत घेता आलं असतं. त्यानंतरचा प्रत्येक आकडा उशिराचा. मोठ्या माणसाचा श्वास मुळात संथ असतो, म्हणून नुसता छत्तीस धरून चालणार नाही. पहिल्या पाच मिनिटांत जो आकडा येईल त्याची दीडपट झाली की परत आत, मग माणूस हसत असो की रडत असो. आणि चढलेला आकडा उतरायला लागला तर त्याला बरं म्हणायचं नाही. एका माणसाच्या कागदावरून नियम होत नाही, हे त्यांनी मला सांगितलं. मी म्हटलं, मला माहीत आहे. पण माझ्याकडे कागद एकच आहे.

ते म्हणाले, कल देखेंगे.

आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी सिंधूला बाहेर घेतलं. खाट डब्याला लावून ठेवली होती. रत्नप्रभाबाई पदर तोंडात धरून दाराशी. पाचव्या मिनिटाला अठरा. म्हणजे आमची हद्द सत्तावीस. मग एकोणीस, एकवीस, बावीस. सिंधू बोलत होती, छताला किती भेगा आहेत ते सांगत होती. चोवीस. पंचवीस. वाक्यं लहान झाली होती, हे बाकी कोणाच्या लक्षात आलं नाही. आधी ती पूर्ण वाक्य बोलत होती, आता तीन शब्द आणि मग थांबणं. पस्तिसाव्या मिनिटाला सत्तावीस.

मी डॉक्टरांना म्हटलं, झालं. ते तिच्याकडे पाहत होते. ती त्यांच्याकडे पाहून हसली. नखं गुलाबी होती, नाडी ठीक होती. ते म्हणाले, "पाँच मिनट और देखते हैं." मला काय झालं ते सांगतो. मीही तिच्या नखांकडे पाहिलं. वाटलं, खरंच ठीक असेल. दीडपट हा काय देवाने दिलेला आकडा आहे का, माझाच तर आहे, आणि माझे आकडे कसे असतात ते मला माहीत आहे. असा विचार मी पूर्ण एक मिनिट केला. मग खिशातून तुझी तार काढून त्यांच्यासमोर चादरीवर ठेवली, आणि छत्तीसच्या पुढच्या आकड्यावर बोट ठेवलं.

त्यांनी वाकून तिच्या मानेकडे पाहिलं. मानेच्या शिरा प्रत्येक श्वासाला ताणल्या जात होत्या. "अंदर लीजिए," ते म्हणाले.

आत घेऊन गळ्याचा रबर बसवला, मोटर सुरू केली. सिंधूने रडायचं नाही असं ठरवलं होतं बहुतेक, पण डब्यात हात आत असतात, डोळे पुसता येत नाहीत. मी पुसायला गेलो तर तिने तोंड फिरवलं. मशीन श्वास सोडेल तेव्हाच तिला बोलता येतं, म्हणून तिने तुकड्या तुकड्याने म्हटलं, "तुम्हाला डब्बा सोडवत नाही, काका. मला नाही."

मी वहीत पस्तीस मिनिटं, सत्तावीस, एवढं लिहिलं. रत्नप्रभाबाईंनीही माझ्याकडे पाहिलं नाही. पितृपक्ष आता लागेलच.

नंतर ती साडेचार तास झोपली, एवढी दमली होती. यावरून माझं बरोबर होतं असं सिद्ध होतं का? नाही होत. परत आत घेतलेलं माणूस बाहेर राहिलं असतं तर काय झालं असतं, हे कधीच कळत नाही. चुकलो तर कळतं. बरोबर असलो तर कळायचा मार्ग नाही. या कामात मला सगळ्यात जास्त शीण येतो तो याचा.

तारेबद्दल आभार लिहिणार नाही. तो शब्द इथे बसत नाही.

गोपीनाथ


भोपाळ, रविवार, १९ ऑक्टोबर १९५८

नीळकंठ,

सिंधू आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. सकाळी अकराला मी मोटर थांबवायचो, मोजायचो, लिहायचो, ती आरशात पाहत राहायची. टेपवर विनोद नाही, दिशा नाहीत. नवव्या दिवशी मी वही मिटली तेव्हा म्हणाली, "आज किती?" मी म्हटलं, सतरा. म्हणाली, "म्हणजे हद्द साडेपंचवीस. अर्धा श्वास कसा मोजणार?" मी म्हटलं, अर्धा तुझ्या बाजूने सोडून देऊ.

त्या दिवशी पन्नास मिनिटं झाली, तेवीसवर थांबलो. आठ तारखेला दोन तास. पंधराला सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आणि आकडा एकदाही एकविसाच्या वर गेला नाही. रात्री अजून आत झोपते. आणखी दोन आठवडे तरी झोपेल. पाय येतील असं डॉक्टर म्हणत नाहीत, आणि ती विचारत नाही. शाळेच्या बाई येऊन गेल्या, खुर्चीवर बसून शिकवता येईल म्हणाल्या.

डॉक्टर माथुरांनी दीडपटीचा नियम टाइप करून भिंतीवर लावला आहे, खाली त्यांची सही. माझं नाव त्यात नाही, आणि मी ते मागितलं नाही. पण टाइप करणाऱ्याने शेवटी एक वाक्य स्वतःच्या अकलेने घातलं होतं, की श्वास उतरू लागल्यास रुग्ण स्थिर समजावा. मी कागद भिंतीवरून काढला, डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला आणि ते वाक्य खोडून दुसरा टाइप करून घेतल्याशिवाय तिथून हललो नाही. ते म्हणाले, आप बहुत ज़िद्दी हैं. मी म्हटलं, जी.

काल दुपारची गोष्ट सांगून थांबतो. जेवण झाल्यावर सिंधू बाहेर, खाटेवर पडली होती. बोलता बोलता झोपी गेली. आम्ही आजवर तिला बाहेर झोपू दिलेलं नव्हतं. जागेपणी माणूस श्वासाकडे लक्ष देतो, झोपेत कोण देणार. मोटर रिकामीच चालू होती, केव्हाही आत घ्यावं लागेल म्हणून. मी पाच मिनिटं मोजलं. अठरा. आणखी पाच. अठरा. मग उठून मी मोटर बंद केली.

एकदम वॉर्ड शांत झाला, आणि रत्नप्रभाबाई व्हरांड्यातून धावत आल्या. इथे वीज गेली की मोटर बंद पडते आणि मग भाता हाताने ओढावा लागतो. तीन महिन्यांत त्यांनी तो कितीदा ओढला असेल. त्यांना वाटलं वीज गेली. कोणाकडे न पाहता त्यांनी मशीनमागचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि ओढायला लागल्या. मी त्यांचा हात धरला. त्यांनी मला ढकललं, खरोखर ढकललं, म्हणाल्या, "सोडा, गोपीनाथराव, पोर मरेल माझी." मी त्यांना खाटेकडे वळवलं. डब्बा रिकामा होता. पोर बाहेर झोपली होती, तोंड किंचित उघडं, चादर वर-खाली होत होती.

त्या तशाच उभ्या राहिल्या, दांड्यावर एक हात. मग खाली बसल्या, जमिनीवर. मी स्टूल ओढून बसलो आणि घड्याळ काढलं. अठरा. सतरा. सतरा. चाळीस मिनिटं मी मोजत होतो. त्यानंतर केव्हातरी माझ्या लक्षात आलं की मी घड्याळाकडे पाहत नाहीये, नुसता पाहतोय.

नीळकंठ, आता तुझ्याकडून मागावं असं माझ्याकडे काही उरलेलं नाही. कुठला आकडा नाही, कागद नाही. तरी रविवार आला आणि मी लिहायला बसलो.

तुझा दादा
गोपीनाथ